उरलेल्या उड्या

एप्रिलच्या तिसऱ्या आठवड्यात एका दुपारी सोळा जणांची यादी वत्सला यन्नमच्या टेबलावर आली. सोलापुरात त्या वेळी रस्त्यावर चिटपाखरू नसतं. स्टेडियमच्या जिन्याखालच्या खोलीत कूलर घरघरत होता. संघाची फिजिओथेरपिस्ट पल्लवी हत्तुरे यादी ठेवून उभीच राहिली.

“बस की.”

“आधी बघा मॅडम.”

वत्सलाने चष्मा लावला. प्रत्येक ओळीत नाव, वय आणि एक आकडा. अठ्ठावीस हजार. एकोणीस हजार पाचशे. चौतीस हजार. सहाव्या ओळीवर तिचं बोट थांबलं. जुबेर बागवान, वय एकतीस. एकवीसशे.

“एखादं शून्य खाल्लंय का मशीननं?”

“तीनदा मोजलं. उजवा गुडघा चांगला आहे. जे काय आहे ते डाव्यातच.”

वत्सलाने यादी पालथी ठेवली. सामने आणि सराव धरून जुबेर एका मोसमात पाचेक हजार उड्या मारायचा, पूर्ण ताकदीच्या. मोसम ऑगस्टात सुरू होणार. म्हणजे एकवीसशे नोव्हेंबरपर्यंत पुरतील न पुरतील. आणि त्याचा करार तर तीन दिवसांनी संपत होता. नव्या कराराचा कागद तिनेच करायचा होता. ‘सोलापूर शटल्स’ या बास्केटबॉल संघाची ती व्यवस्थापक होती. कोणाला घ्यायचं, कोणाला सोडायचं, कोणावर किती खर्चायचं हे ठरवणं तिचं काम. नऊ वर्षं ती ते करत आली होती, आणि अलीकडे सकाळी डोळे उघडले की पहिला विचार रजेचा यायचा.

“त्याला सांगायचं का?” पल्लवीने विचारलं.

“त्यानं लिहून दिलंय ना, नको म्हणून?”

“दिलंय.”

“मग झालं तर,” वत्सला म्हणाली. पण झालं काहीच नव्हतं, हे दोघींनाही कळत होतं.

तंतुमापक हे यंत्र मुळात खेळाडूंसाठी बनलंच नव्हतं. म्हाताऱ्या माणसांच्या कंडरा अचानक तुटतात, त्याची आधी चाहूल लागावी म्हणून काही संशोधकांनी ते तयार केलं होतं. कंडरा म्हणजे स्नायूला हाडाशी बांधणारा दोर. गुडघ्याच्या वाटीखाली बोट दाबलं की जो टणक पट्टा लागतो, तो त्यातलाच. कोलॅजेनच्या हजारो बारीक तंतूंचा तो पीळ असतो. माणूस जीव खाऊन उडी मारतो तेव्हा त्या पट्ट्यावर त्याच्या वजनाच्या सहा-सात पट ताण येतो. थोडे तंतू तुटतात, विश्रांतीत शरीर ते सांधतं. वय वाढलं की तुटणं तेवढंच राहतं आणि सांधणं मागे पडतं.

यंत्र गुडघ्यात एक लहर सोडायचं. घट्ट दोरातून ती झपकन पलीकडे जाते, उसवलेल्या दोरातून रेंगाळत. त्यावरून आत किती तंतू शाबूत आहेत ते कळायचं. रक्ताच्या थेंबावरून शरीराची सांधण्याची गती कळायची, आणि बुटाच्या तळव्यातल्या चकतीवरून तो माणूस रोज किती उड्या मारतो ते. या तिन्हींचा मेळ घालून यंत्र एक आकडा द्यायचं: इतक्या उड्यांनंतर ही कंडरा तुटण्याची शक्यता निम्म्याच्या वर जाईल. खेळाडूंच्या जगात त्याला ‘शिल्लक’ म्हणू लागले. दोन वर्षांत अशी वेळ आली की दोन खेळाडू भेटले की घरच्यांची खुशाली नंतर, शिल्लक आधी.

वत्सलाचे वडील यंत्रमागावर काम करायचे. ताण्यातला कुठला धागा तुटायला आलाय ते त्यांना हात फिरवून कळायचं. यंत्र पहिल्यांदा पाहिलं तेव्हा तिला त्यांचीच आठवण झाली होती, आणि पहिल्या वर्षी तिने त्याचा तसाच हुशारीने वापर केला. मोठ्या शहरातल्या एका संघाने चौतीस वर्षांचा म्हणून सोडून दिलेला गुरबाज ढिल्लों तिने जवळजवळ फुकटात आणला, कारण त्याच्या गुडघ्यांत अजून सतरा हजार उड्या होत्या. असे आणखी दोघे आणले. सोलापूरसारख्या गावाचा संघ, ज्याला चादरीच्या एका कंपनीशिवाय प्रायोजक नव्हता, बारा संघांत तिसरा आला. लोकांनी तिला हार घातले. पुढच्याच वर्षी सगळ्यांकडे यंत्र आलं. ज्यांच्याकडे पैसा होता त्यांनी मोठ्या आकड्यांची पोरं उचलली, आणि बाकीच्यांसाठी स्वस्त मिळण्यासारखं काही उरलं नाही.

लीगचा नियम असा होता की करार चालू असेपर्यंत आकडा संघाकडे राहील. खेळाडूने मागितला तर द्यायचा. नको असेल तर त्याने तसं लिहून द्यायचं. बरेच जण नको लिहून देत.

दुसऱ्या दिवशी ती अध्यक्षांकडे गेली. नरसय्या कोटा यांचा चादरींचा कारखाना होता. सत्तरीचे होते, रोज सकाळी स्वतः मागांवरून एक फेरी मारायचे. त्यांनी कागद वाचला आणि चष्मा कपाळावर चढवला.

“अक्का, हा केरळचा कुरियन किती मागतोय?”

“जुबेरपेक्षा थोडं कमी. बावीस वर्षांचा आहे. शिल्लक अडतीस हजार.”

“मग यात विचार करण्यासारखं काय आहे?”

“दोघं नाही परवडणार आपल्याला.”

“ते मला पण कळतं. म्हणून विचारतोय.” कोटाशेठनी कागद खाली ठेवला. “नाहीतर एक करू. जुबेरला एक वर्षाचं देऊ. पहिल्या वीस मॅच चाळीस-चाळीस मिनिटं खेळवू. स्टेडियम भरेल. पुढं जे होईल ते विमावाल्यांचं.”

“आणि त्याच्या गुडघ्याचं?”

“तुटणार तर आहेच की. तुमचंच मशीन म्हणतंय.” ते म्हणाले ते निर्दयपणे नव्हतं. थकलेला माणूस हिशेब करतो तसं होतं. “मी वाईट माणूस नाही अक्का. सहा वर्षं घरचं घालून हा संघ चालवतोय. माझी पोरं मला रोज विचारतात, किती दिवस?”

वत्सलाला ते माहीत होतं. पण तिला दुसरंही एक माहीत होतं. चार वर्षांपूर्वी जुबेर ऐन भरात होता. तेव्हा बंगळूरच्या संघाने त्याला दुप्पट पैसे देऊ केले होते. तो विचारायला आला, तेव्हा तिने त्याला म्हटलं होतं, तू गेलास तर संघ बंद पडेल. तो राहिला. त्यावर पुन्हा कधी एक शब्द बोलला नाही.

“तीन वर्षांचा करार करते,” ती म्हणाली. “दर वर्षी थोडं कमी घेईल तो. आणि त्याला जपून खेळवू. मॅचमध्ये चौदा मिनिटं, सरावात उडी नाही. वर्षाला सातशे उड्या धरल्या तर एकवीसशे तीन वर्षं पुरतात.”

“आणि कुरियन?”

“जाऊ दे.”

कोटाशेठनी कागद तिच्याकडे सरकवला. “तुमच्या शब्दावर करतो. पण जुबेरला यातलं काही सांगायचं नाही. त्याला सांगितलं की उद्या सगळे येऊन बसतील. माझा किती, त्याचा किती. ड्रेसिंगरूमची मंडई होईल.”

तिने मान हलवली. नंतर कितीतरी दिवस तिला त्या मान हलवण्याचं आश्चर्य वाटत राहिलं, इतकी ती सहज हलली होती.

जुबेरचं घर विजापूर वेशीत होतं. बागवानांचं घर, खाली फळांच्या पाट्या, वर राहणं. ती गेली तेव्हा तो जमिनीवर मांडी घालून कलिंगड कापत होता आणि त्याची सात वर्षांची मुलगी अलीना बिया मोजत होती. सहा फूट पाच इंचाचा माणूस मांडी घालून बसला की अर्धी खोली भरून जायची. बारा वर्षांचा असताना तो महापालिकेच्या कोर्टावर चपला काढून खेळायला यायचा. त्याला पहिले बूट वत्सलानेच घेऊन दिले होते.

“ताई, बसा. समीना, ताई आल्यात. चहा नको, कलिंगड खावा.”

त्याने करार वाचला नाही. “कुठं करू सही?”

“वाच की आधी. तीन वर्षांचा आहे. वर्षाला थोडं कमी आहे मागच्यापेक्षा.”

“तीन वर्षं?” समीना दारातून पुढे आली. तिच्या चेहऱ्यावरचा ताण सुटलेला वत्सलाला स्पष्ट दिसला. “आम्हाला वाटलेलं, एकच देतील.”

जुबेरने सही केली. मग पेन बंद करता करता सहज विचारल्यासारखं म्हणाला, “मशीन काय म्हणालं ओ?”

“तूच नको म्हणून लिहून दिलंयस.”

“ते आहेच. नकोच.” तो हसला. “तीन वर्षं दिलाव म्हणजे कळलं की मला.”

कलिंगडाची फोड वत्सलाच्या हातात तशीच राहिली. त्या क्षणी बोलली असती तर गोष्ट वेगळी झाली असती. अलीनाने बियांचा आकडा सांगितला, सगळे हसले, आणि तो क्षण गेला.

मोसम सुरू झाला. प्रशिक्षकाला आकडा माहीत होता. तो ठरल्याप्रमाणे जुबेरला चौदा मिनिटं द्यायचा. पल्लवी बाकावर टॅबलेट घेऊन बसायची, बुटातली चकती मोजायची, आणि वीस उड्या झाल्या की हात वर करायची. मग जुबेर बाहेर. कधी संघ दोन गुणांनी मागे असायचा, कधी त्याने नुकतेच लागोपाठ तीन बास्केट केलेले असायचे.

“जुबेरला आत घ्या बे!” गॅलरीतून ओरडा व्हायचा. “पैसे काय बाकावर बसवायला दिलेत का?”

सरावात त्याला सायकल चालवायला लावायचे आणि उभ्याने नेम धरायला. पहिले काही आठवडे त्याने विचारलं. प्रशिक्षक म्हणायचा, वय झालं, दम राखून खेळ. वत्सला म्हणायची, शेवटच्या सामन्यांसाठी तुला ताजा ठेवतोय. त्याने विचारणं बंद केलं. मग तिच्या खोलीत डोकावणं बंद केलं. ऑक्टोबरात एकदा जिन्यात समोरासमोर आले तर तो बाजूला सरकून उभा राहिला, परक्या बाईला वाट देतात तसा.

नोव्हेंबरात पुण्याचा संघ सोलापुरात आला. बेसिल कुरियन आता त्यांच्याकडे होता. त्याने एकट्याने एकतीस गुण केले. शेवटच्या मिनिटाला तो असा उंच गेला की गॅलरीतल्या सोलापूरकरांनीच टाळ्या वाजवल्या. शटल्स एकोणीस गुणांनी हरले. संघ आता खालून दुसरा होता. जुबेर बाकावर टॉवेल डोक्यावर घेऊन बसला होता. वत्सलाच्या शेजारी कोटाशेठ होते. उठताना फक्त म्हणाले, “तुमच्या शब्दावर केलं, अक्का.”

डिसेंबरात पुन्हा मोजणी झाली. तोवर जुबेरने चारशेच्या आत उड्या मारल्या होत्या. सतराशे तरी राहायला हव्या होत्या.

पल्लवी या वेळी स्वतःहून खाली बसली. “सहाशे चाळीस.”

वत्सलाने एप्रिलची यादी काढून शेजारी ठेवली.

“मी चार दिवस झोपले नाही मॅडम, हेच वाचतेय. मशीन खोटं बोललं नव्हतं. पण त्याचं गणित एका गोष्टीवर उभं आहे, माणूस जसा आजवर खेळला तसाच पुढं खेळणार. आपण त्याला तसं खेळूच दिलं नाही.” ती एक-एक शब्द सावकाश उच्चारत होती. “कंडरेला ताण मिळाला तरच ती सांधते. ताण हाच तिला निरोप असतो, की नवे तंतू कर. आपण निरोपच बंद केला. उड्या वाचवल्या, आणि दोर आतून वाळत गेला.”

“म्हणजे खेळला असता तर?”

“तर कदाचित नोव्हेंबरातच तुटला असता. मला माहीत नाही. पण मधला रस्ता होता. जड वजन, सावकाश, रोज. उडी नाही, पण ताण भरपूर. त्यासाठी त्याला सांगावं लागलं असतं. बारा आठवडे तशी मेहनत कोणी कारण कळल्याशिवाय करत नाही.” पल्लवीने टॅबलेट बंद केला. “दुसऱ्या दोन संघांतल्या माझ्या मैत्रिणींशी बोलले. त्यांच्याकडेही तेच झालंय. सगळे जपालेत, आणि सगळ्यांचे आकडे पडालेत.”

वत्सला जिना चढून वर गेली. दुपारच्या रिकाम्या स्टेडियममध्ये जुबेर एकटा फ्री थ्रो टाकत होता. ते त्याला करू द्यायचे. त्यात उडी नसते. चेंडू जाळीतून पडायचा, तो चालत जाऊन उचलायचा, परत रेषेवर यायचा. तिने पहिल्या रांगेत बसून त्याला हाक मारली, आणि एप्रिलपासून आजपर्यंतचं सगळं सांगितलं. एकवीसशे. चौदा मिनिटं. पल्लवीचा हात. सहाशे चाळीस. काही गाळलं नाही.

जुबेर चेंडू मांडीवर धरून ऐकत होता.

“म्हणजे मी वाईट खेळालो नव्हतो,” तो शेवटी म्हणाला.

“नाही.”

“मला वाटलं, मी संपलो. नजर गेली, हात गेला, म्हणून बसवालेत. रोज घरी जाऊन जुनी मॅच लावून बघायचो, काय चुकालंय ते. समीनाशी भांडलो. अलीनाला शिकवणं बंद केलं. म्हटलं, ज्याला येत नाही तो काय शिकवणार?” त्याचा आवाज चढला नाही, आणि ते ऐकणं अधिक कठीण होतं. “पाच महिने ताई. गुडघ्याचं जाऊ द्या. हे पाच महिने.”

“मी तुला वाचवायला गेले होते.”

“माहिताय. तुम्ही विचारलं असतं तर मी पण कदाचित हेच म्हणालो असतो, जपून खेळू. पण ते मी म्हणायला पाहिजे होतं.” त्याने चेंडू बाकावर ठेवला. तो घरंगळत खाली गेला, दोघांनीही उचलला नाही. “बंगळूरच्या वेळी तुम्ही थांब म्हणालाव. थांबलो. मला कारण माहीत होतं म्हणून थांबलो. मला राग नाही त्याचा. ह्याचा आहे.”

तिने क्षमा मागितली. तो उठला, दारापर्यंत गेला आणि परत फिरला.

“बाकीच्यांचे आकडे पण तुमच्याकडंच आहेत?”

“हो.”

“त्यांना विचारा एकदा. नीट विचारा. कागदावर नाही.”

त्या आठवड्यात तिने पंधरा जणांना एकेक करून खोलीत बोलावलं. आकडा काय सांगतो, काय सांगू शकत नाही, जुबेरचं काय झालं, हे सगळं आधी सांगितलं आणि मग विचारलं. अकरा जणांनी आकडा मागितला. चौघे नको म्हणाले. गुरबाज ढिल्लों आकडा ऐकून पोट धरून हसला. एक जण खुर्चीत बसून रडला आणि मग उठून पल्लवीकडे गेला, वजन कसं उचलायचं ते विचारायला. पंधरावा माणूस गेल्यावर वत्सलाने टेबलावर डोकं टेकलं. इतकं थकूनही हलकं वाटेल अशी तिची समजूत होती. तसं काही वाटलं नाही. नुसती थकली होती.

कोटाशेठना दुसऱ्याच दिवशी कळलं. त्यांनी तिला घरी बोलावलं, बायकोने कॉफी दिली. “तुम्ही शब्द मोडलात,” ते म्हणाले. “बरोबर केलं की चूक ते मला कळत नाही. पण शब्द मोडलात.” मार्चअखेर तिचा करार संपला तो त्यांनी पुढे चालवला नाही. संघ खालून दुसराच राहिला.

जुबेर त्या मोसमात पुन्हा उतरला नाही. बारा आठवडे तो पल्लवीच्या देखरेखीखाली खांद्यावर लोखंड घेऊन सावकाश बसत-उठत राहिला. मार्चमध्ये त्याने आकडा स्वतः मागून घेतला: चौदाशे. पुढच्या वर्षी किती खेळायचं ते त्याने प्रशिक्षकासमोर बसून स्वतः ठरवलं. कधी पंचवीस मिनिटं, कधी दहा. जानेवारीत नागपूरच्या सामन्यात, तिसऱ्या भागात, तो चेंडू अडवायला वर गेला आणि खाली आला तो पाय धरूनच. वत्सलाने ते घरी टीव्हीवर पाहिलं. पडद्यावर तो जमिनीवर पडून पंचांना हाताने सांगत होता, खेळ थांबवा. तिने टीव्ही बंद केला आणि समीनाला फोन लावला.

त्याच्या कराराचं अजून एक वर्ष उरलं होतं. कोटाशेठनी त्याला वत्सलाच्या जागी नेमलं. पगार तर द्यायचाच आहे, मग बसून का द्यायचा, असा त्यांचा सरळ विचार होता. गावाला वाटलं, केवढा मान दिला.

मे महिन्यात एका दुपारी वत्सलाचा फोन वाजला. जिन्याखालच्या खोलीतला कूलर मागे ऐकू येत होता.

“ताई, झोपला होता का?”

“नाही. बोल.”

“यादी आलीय. एक पोरगा आहे... म्हणजे आपल्याच संघातला.” तो गडबडला होता. “आपला थॉमस. तेवीस वर्षांचा. त्याचा आकडा लई कमी आहे. वजन उचलून किती वाढेल ते पल्लवीला पण सांगता येईना. त्याच्या पुढच्या कराराचं बघायचंय, कोटाशेठ विचारालेत. आणि त्यानं लिहून दिलंय, नको म्हणून. मी दोनदा नीट विचारलं. दोनदा नको म्हणाला.”

“मग?”

“मग काय करू? नको म्हणणाऱ्याला सांगायचं, की न सांगता त्याच्याबद्दल ठरवायचं? दोन्ही चूक वाटालंय.”

वत्सला पलंगाच्या कडेवर बसली. बाहेर ऊन पांढरं झालं होतं. नऊ वर्षं त्या खुर्चीत बसून एक गोष्ट तिने कधी विचारलीच नव्हती.

“तू का लिहून दिलं होतंस?” तिने विचारलं.

“मला वाटलेलं, मोठाच असणार,” जुबेर म्हणाला. “कमी असेल असं मनातच आलं नाही कधी. कमी आहे असं वाटलं असतं तर त्याच दिवशी मागितला असता.”

“त्याला आकडा सांगू नकोस. हे सांग.”

“एवढंच?”

“एवढंच. मग तो काय म्हणतो ते ऐक.”

“त्यानं तरी नको म्हटलं तर?”

“तर त्याला पूर्ण कळून नको म्हटलेलं असेल. मग कराराचं तुझं तू ठरव, आणि कसं ठरवलंस ते त्याला तोंडावर सांग.”

तो हूं म्हणाला. ठेवला असं वाटलं, पण फोन चालूच होता.

“ताई, येता का हिकडं? त्याच्याशी मीच बोलतो. तुम्ही नुसतं बाहेर बसा. लई दमायला होतंय ह्यात.”

“होतंच,” वत्सला म्हणाली, आणि चपला शोधायला उठली. “रिक्षा मिळाली की निघते.”